सोळा आण्यांची साखळी

माणसाने सत्तरी ओलांडली की त्याचे फिरणे त्याच्या मालकीचे राहत नाही. ते डॉक्टरांकडे गहाण पडते. रोज पाऊण तास चालायचे, मध्ये थांबायचे नाही, वेग असा ठेवायचा की किंचित धाप लागली पाहिजे. गहाणखतातल्या ह्या अटी तुमच्यापैकी पुष्कळांना तोंडपाठ असतील. माझ्या बाबतीत त्या खतावर साक्षीदार म्हणून मुलीने एक घड्याळही पाठवून दिले आहे. वेळ सांगण्यापेक्षा पावले मोजण्यात त्याला अधिक रस. आठ हजार पावले भरली की ते मनगटावर गुदगुल्या केल्यासारखे थरथरते. नाही भरली तर गप्प राहून रुसते. मी त्याचा हा रागलोभ मुकाट्याने सोसतो, कारण पावले मोजणाऱ्याची कदर मी नाही करायची तर कोणी करायची? पस्तीस वर्षे मी सरकारच्या मोजणी खात्यात काढली आहेत. दुसऱ्यांच्या जमिनीवरून साखळी ओढत चालणे हाच माझा चरितार्थ होता.

पण वर्षातून काही दिवस असे उगवतात की ते घड्याळ मी टेबलाच्या खणात ठेवून देतो. पुण्याहून नात आलेली असते. तिला पाच पुरी होऊन सहावे लागले आहे. तिच्याबरोबर निघायचे म्हणजे पाऊण तासात आमच्या आळीचे टोक गाठले तरी पुष्कळ. थांबायचे नाही ही पहिली अट तिने पहिल्याच पावलाला मोडलेली असते, आणि धाप लागण्याचा तर प्रश्नच नाही. मी मनाशी असे ठरवून टाकले आहे की डॉक्टर सांगतात ते चालणे, आणि नातीबरोबर होते ते फिरणे. ह्या दोन्हींचा जमाखर्च एका वहीत मांडू नये.

आम्ही राहतो वाईला. इथे फिरायला जागेची वाण नाही. कृष्णेचे घाट आहेत, ढोल्या गणपती आहे, मान वर केली की पांडवगड आहे. आमची आवडती वाट मात्र मेणवलीची. गावापासून तीनेक किलोमीटर अंतर. दोन्ही अंगांना ऊस, मधूनमधून हळदीचे वाफे, बांधावर बाभळी, कुठे एखादी जुनी विहीर. दिवाळीच्या सुमाराला तिकडची हवा अशी असते की पाऊस नुकताच घर सोडून गेला आहे, पण त्याचे सामान अजून हलायचे आहे. गवत वाळू लागलेले, तरी मुळाशी हिरवे. ओहोळात गुडघाभर निवळ पाणी. कुर्डूचे गुलाबी-पांढरे तुरे शेताच्या कडेला उभे. टाकळ्याला लांबलचक शेंगा लोंबत असतात.

वाटेच्या शेवटी मेणवली. तिथे नाना फडणवीसांचा वाडा आहे, कृष्णेवर सुरेख दगडी घाट आहे आणि घाटावरच्या लहानशा देवळीत एक मोठी घंटा टांगलेली आहे. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली तेव्हा तिथल्या पोर्तुगिजांच्या देवळांतून ज्या घंटा आल्या त्यांतली ही एक. तिच्यावर १७०७ हे साल कोरलेले आहे नि बाळ घेतलेली मेरीही आहे. लांबून लांबून लोक ती बघायला येतात. घाटाचे नि वाड्याचे २००४ साली निघालेल्या ‘स्वदेस’ चित्रपटात दर्शन घडल्यापासून तर अधिकच येतात. मी नातीला मोठ्या हौसेने घंटेपुढे उभे केले. चिमाजी अप्पा सांगितले. वसईचा वेढा सांगितला. तिने सगळे ऐकून घेतले आणि देवळीच्या कोपऱ्यातल्या कोळ्याकडे बोट दाखवून विचारले, “आबा, हा कोणाचा?”

हा प्रश्न तिचा नेहमीचा आहे. ‘हे काय’ असे ती फारसे विचारीत नाही. ‘हे कोणाचे’ असे विचारते. जन्मभर मी लोकांच्या तोंडून तोच प्रश्न ऐकत आलो. हा बांध कोणाचा, हे झाड कोणाचे, ही पाऊलवाट कोणाच्या हद्दीतली. फरक इतकाच की त्या प्रश्नापाठोपाठ दोन भाऊ काठ्या घेऊन उभे असत. नातीच्या प्रश्नामागे कोणी उभे नसते. “कोळी त्याचा स्वतःचाच,” असे मी म्हटले, आणि हा निकाल तिला मान्य झाला. माझ्या नोकरीत एका बैठकीत निकाली निघालेले असे प्रकरण मला आठवत नाही.

मोजणीची गोष्ट निघालीच आहे तर थोडे सांगतो. आमच्या मुलखात शेतांची पद्धतशीर मोजणी इंग्रजी अमलात सुरू झाली. १८३५-३६ च्या सुमाराला इंदापूर तालुक्यात विंगेट नि गोल्डस्मिड ह्या दोन साहेबांनी जी घडी बसवली तीच पुढे मुंबई इलाख्यात चालली. तिचे माप म्हणजे साखळी. साखळी तेहेतीस फुटांची, आणि तिचे भाग सोळा. प्रत्येक भागाला म्हणायचे आणा. एक साखळी लांब नि एक साखळी रुंद जागा म्हणजे एक गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर. मी नोकरीला लागलो तेव्हा मेट्रिक मापे आलेली होती. पण जुनी टिपणे उघडली की त्यांत साखळ्या नि आणेच असत. व्यवहारातला आणा केव्हाच बंद झाला होता, पण जमिनीला त्याची दखल नव्हती. आता तर उपग्रहांशी बोलणारी यंत्रे आली आहेत. काठी रोवली की जागा कळते. साखळी ओढणारी माणसे नि साखळी दोन्ही निवृत्त.

तरी माझ्या पायांतली साखळी काही जात नाही. नातीबरोबर जाताना नकळत हिशेब होतो. तिची दीड-दोन पावले म्हणजे एक आणा. सोळा आण्यांची एक साखळी पार करायला तिला साधारण पाव तास लागतो. तुम्ही विचाराल, तेहेतीस फुटांत असे आहे तरी काय? मलाही पूर्वी वाटत असे की काही नाही. तेहेतीस फूट म्हणजे टिपणावरची एक रेघ. पण ज्याची उंची साडेतीन फूट आहे त्याच्यासाठी तेहेतीस फुटांत एक तालुका मावतो. आपण मोठी माणसे जमिनीपासून फार उंचावर राहतो. आपल्याला झाड दिसते, तिला बुंध्यावरून वर चाललेली मुंग्यांची पलटण दिसते. आपल्याला गवत दिसते, तिला गवताचे कुसळ दिसते, कारण ते तिच्या फ्रॉकलाच चिकटलेले असते.

कुसळावर आमचा एक सबंध सकाळचा वेळ गेला. एका अंगाला सुईसारखे टोक नि मागे पीळ दिलेली लांब शेपटी. मी तिला ओंजळीत पाणी आणून शेपटी भिजवायला लावली. भिजल्याबरोबर तो पीळ उलगडू लागला आणि कुसळ तिच्या तळहातावर आपोआप गरगर फिरले. ती किंचाळून हसली. गवताला हातपाय नाहीत, पण बी जमिनीत पेरायचे आहे. म्हणून त्याने हे गिरमिट करून ठेवले आहे. दवाने भिजावे, उन्हाने वाळावे, उलगडावे, पुन्हा पीळ घ्यावा, आणि अशा फेऱ्यांनी बी मातीत उतरावे. लाजाळूचीही अशीच खोड. पानाच्या देठाशी एक बारीकशी फुगीर गाठ असते. स्पर्श झाला की तिच्यातल्या पेशींतले पाणी बाजूला सरते नि पान मिटते. हे सांगून झाल्यावर ती म्हणाली, “म्हणजे ती लाजत नाही, दमते.” वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात हे वाक्य मी कुठे वाचलेले नाही, पण ते खोडून काढावेसेही वाटले नाही.

ह्या सगळ्या फिरण्याला आमच्या दोघांमध्ये झालेला एक करार कारणीभूत आहे. तो सांगायचा म्हणजे माझ्या कानांविषयी सांगायला हवे.

चार वर्षांपूर्वी मी कान तपासून घेतले. एका बंद खोलीत बसवून, कानांवर यंत्र चढवून, बारीकमोठे आवाज ऐकवतात. ऐकू आला की बटण दाबायचे. शेवटी एक आलेख हातात मिळतो. तो पाहताक्षणी मला ओळखीचा वाटला. डाव्या बाजूला पठार, मध्यावर उताराला सुरुवात, आणि उजवीकडे थेट दरी. पाचगणीच्या टेबललँडची कड अशीच दिसते. डावीकडे जाड, खर्जातले आवाज. ते माझे अजून शाबूत आहेत. उजवीकडे बारीक, उंच आवाज. ते दरीत गेले. डॉक्टरांनी कारणही समजावून सांगितले. कानाच्या आत गोगलगायीच्या शंखासारखी एक वळत गेलेली नळी आहे. तिच्यात अतिसूक्ष्म केस असलेल्या पेशी रांगेने बसवलेल्या असतात. बारीक आवाजांच्या पेशी अगदी दाराशी. वयाबरोबर त्या आधी झिजतात, नि माणसाच्या कानात त्या पुन्हा उगवत नाहीत. म्हणजे आमच्या जुन्या कचेरीत दाराजवळ बसणाऱ्या कारकुनासारखीच त्यांची गत; येणाऱ्याजाणाऱ्याचा सगळा धक्का त्यांनाच.

श्रवणयंत्र मिळाले आहे. घरात, चारचौघांत त्याचा चांगला उपयोग होतो. पण मोकळ्या माळावर वारा सुटला की ते वाऱ्यालाच मोठे करून ऐकवते. म्हणून फिरताना मी ते खिशात ठेवतो. आणि मग जग अर्धे होते. भारद्वाजाचा घुमणारा आवाज येतो. बैलगाडीची खडखड येते, उसाच्या ट्रॅक्टरची घरघर तर येतेच येते. पण चिमण्यांची पिल्ले चोच उघडतात आणि त्यांच्या चोचीतून काहीच बाहेर पडत नाही. संध्याकाळी बांधाशी बसलो तर रातकिडे नाहीत. आयुष्यभर ज्या आवाजाच्या पाठीवर रात्र टेकून बसलेली होती, तो आवाजच काढून घेतला तर रात्र अधांतरी वाटते. हे कोणाला सांगत नाही. दुःख तसे लहान आहे. लोक डोळ्यांसाठी हळहळतात, गुडघ्यांसाठी हळहळतात. रातकिडा गेला म्हणून कोणी समाचाराला येत नाही.

गेल्या दिवाळीत आम्ही विहिरीजवळच्या बाभळीखाली उभे होतो. नात एकदम म्हणाली, “आबा, कोण ओरडतंय?”

मला काही ऐकू येत नव्हते. मी विचारले, “कसे ओरडते आहे? करून दाखव.”

तिने ओठांचा चंबू केला आणि अगदी बारीक, कातरलेला ‘ची ची’ असा आवाज काढला. तोही मला अर्धामुर्धाच आला. पण ती ज्या फांदीकडे बोट दाखवीत होती तिकडे मी पाहिले. हिरवट-पिवळी, अंगठ्याएवढी चार-पाच पाखरे पानांत उलटीसुलटी लटकत होती. प्रत्येकाच्या डोळ्याभोवती पांढरे कडे.

“चष्मेवाला,” मी म्हटले.

“चष्मेवाला!” तिने आपल्या नाकावर दोन बोटांचा चष्मा ठेवला, मग माझ्या चष्म्याकडे पाहिले, आणि आपण दोन चष्मेवाले एकदम भेटलो म्हणून टाळ्या पिटल्या. पाखरे उडून गेली. पण करार झाला. तिने ऐकायचे, मी नाव सांगायचे. कान तिचे, शब्द माझे. दोघे मिळून एक धड माणूस होतो.

तेव्हापासून मला पुष्कळ काही पुन्हा ऐकू येऊ लागले आहे. शिंजीर फुलाशी आला की ती खबर देते. दिवेलागणीला बांधावर बसून ती मला रातकिडे ऐकवते. म्हणजे ते जसे किरकिरतात तसा बोटाने माझ्या तळहातावर ताल धरते. एका थंड संध्याकाळी तिचे बोट नेहमीपेक्षा सावकाश पडत होते. “आज ते हळू म्हणतायत,” ती म्हणाली. ते खरेच आहे. हवा गार झाली की रातकिड्याची लय उतरते, ऊन तापले की चढते. पुस्तकातली ही गोष्ट माझ्या हाताला कळली ती पाच वर्षांच्या बोटामुळे.

माझ्या वाटणीचे काम नावांचे. पाखरांची मराठी नावे एकामागून एक सांगू लागलो तेव्हा मलाच एक गंमत जाणवली. आपल्या पूर्वजांनी झाडावर सगळा गावगाडाच बसवून दिला आहे. पाने शिवणारा तो शिंपी. खोडावर ठोकणारा तो सुतार. भर उन्हात टुक्‌ टुक्‌ करून भांडे घडवणारा तांबट. नदीकाठी धुणे आपटल्यासारखी शेपटी वरखाली करणारा तो परीट. आणि तारेवर बसून सगळ्यांवर नजर ठेवणारा काळा कोतवाल. ही यादी ऐकून नातीने विचारले, “आणि मोजणीवाला?”

मी विचारात पडलो. मोजणीदार पक्षी काही आठवेना. उत्तर तिलाच चार दिवसांनी सापडले. पानाच्या कडेवरून एक हिरवी अळी चालली होती. पुढचे टोक रोवायची, पाठीची कमान करून मागचे टोक त्याच्याशी आणून टेकवायची, पुन्हा पुढे. शेतकरी तिला उंटअळी म्हणतात. सोयाबीनच्या पानांची ती चाळण करते. नात म्हणाली, “ही बघ तुझी! मोजत मोजत चाललीय.” पस्तीस वर्षांच्या सेवेनंतर मला मिळालेले हे मानपत्र मी जपून ठेवले आहे. आमच्या दोघांच्या कोशात त्या अळीचे नाव मोजणी-अळी असे कायम झाले.

कोशाची गोष्ट वाईकरांना सांगायला नको. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी ह्यांनी ह्याच गावात बसून मराठी विश्वकोशाचा संसार उभा केला आणि १९७६ साली त्याचा पहिला खंड निघाला. जगातले सगळे ज्ञान कृष्णाकाठी आणून मराठीत बसवायचे, केवढी ती उमेद! पण काही शब्द असे असतात की ते कोणत्याच कोशात पूर्ण उतरत नाहीत. ते हातातून हातात द्यावे लागतात. सातबाऱ्याच्या उताऱ्यावर एक ओळ असते, ‘शेताचे स्थानिक नाव’. माझ्या पाहण्यात ती बहुधा कोरीच. सर्व्हे नंबर असतो, आकार असतो, खातेदारांची रांग असते, नाव नसते. पण त्याच शेतावर उभे राहून म्हाताऱ्या मालकाला विचारले तर तो सांगायचा, ही चिंचपट्टी, तो वरचा माळ, ती विहिरीकडची वाकडी. नंबराने जमीन सापडते, नावाने ती ओळख देते. मालक गेला आणि मुलाने फक्त नंबर सांगितला की माझ्या ध्यानात यायचे, इथे कागदावर न दिसणारे काहीतरी खारीज झाले.

सुगरणीच्या नावावरून मात्र मी अडचणीत आलो. विहिरीवरच्या बाभळीला तिचे रिकामे खोपे लोंबत होते. बहिणाबाई चौधरींच्या कवितेने हा खोपा मराठी घराघरांत नेऊन टांगलेला आहे. मी नातीला सांगितले की खोपा विणतो तो नर. अर्धा विणून झाला की तो मादीला दाखवतो. तिला पसंत पडला तर पुढे पुरा करतो, नाही तर दुसरा घालायला घेतो. तिने भुवया उंचावल्या. “मग त्याचं नाव सुगरण का?” मी म्हटले, “बाईला विचारल्याशिवाय घर बांधत नाही म्हणून असेल.” घरी येऊन तिने हे आजीला सांगितले. आजी म्हणाली, “पाखरांना कळतं ते मोजणीवाल्यांना कळायला वेळ लागतो.” त्यावर मी गप्प राहिलो. चार घरे बांधण्याइतका अनुभव मला आहे.

मे महिन्यात ती आली तेव्हा रुईची बोंडे फुटलेली होती. रेशमाच्या पिसाऱ्यावर बसून बी हवेत तरंगत होते. मुले त्याला म्हातारी म्हणतात. ती दिवसभर म्हाताऱ्या पकडत होती नि फुंकर घालून सोडत होती. एक आजीच्या केसांत अडकली. “म्हातारीवर म्हातारी बसली,” असे म्हणून दोघी हसत सुटल्या. हसता हसता नातीने विचारले, “ती कुठे जाते?” आजी म्हणाली, “वारा नेईल तिथे. जिथे पडेल तिथे रुजते.” मग मात्र आजी लगेच आत गेली, कारण जावयांना जर्मनीत काम मिळाल्याची बातमी त्याच आठवड्यात आली होती.

येत्या जानेवारीत ती सगळी तिकडे जाणार. किती वर्षांसाठी ते आताच सांगता येत नाही. मुलांनी जावे, वारा आला की बीने बोंडाला धरून बसू नये, हे मला कळते. गेलो नाहीत तर काय, असा विचारही मी मनात येऊ देत नाही. पण आमचा करार मोडणार, ही गोष्ट राहतेच. तिच्या कानांवाचून माझा माळ मुका होईल. आणि माझ्या शब्दांवाचून तिच्या कानांत पडलेले आवाज बिननावाचे राहतील, ह्याची मला जास्त चिंता. सहा वर्षांचे मूल परक्या भाषेत पडले की वर्षभरात पोहायला लागते म्हणतात. त्या पाण्यात चष्मेवाला, परीट, मोजणी-अळी वाहून जायला कितीसा वेळ?

मी ह्यावर माझ्यापरीने एक तोड काढली आहे. तिथे असणाऱ्या नि इथेही असणाऱ्या पाखरांकडे आम्ही सध्या विशेष लक्ष देतो. आपली घरचिमणी जर्मनीतही आहे, तीच जात. आपल्याकडे हिवाळ्यात नदीकाठी येणारा पांढरा परीट, तोही त्याच जातीचा तिथे भेटतो. घाटावर यंदाचा पहिला परीट दिसला तेव्हा मी फोनवरून तिला सांगितले, “हा तुला तिथे भेटेल. त्याला मराठी येते.” पलीकडे थोडा वेळ शांतता. मग प्रश्न आला, “तिथे पण तो परीटच असेल ना?” मी म्हटले, “तू हाक मारलीस तर परीटच.” नाव हे पाखराला कुठे असते? ते हाक मारणाऱ्याच्या तोंडात असते. तोंडात राहिले तर राहिले.

मोजणीतली एक गोष्ट सांगायची राहिली. लोखंडी साखळी वापरून वापरून लांबते. तिच्या कड्या ताणतात, तोंडे उघडतात, सांधे झिजतात. म्हणून ती ठराविक मुदतीने प्रमाणाशी ताडून बघावी लागते. न बघता तशीच वापरली आणि तेहेतीस फुटांची साखळी साडेतेहेतीस झाली, तर दहा साखळ्यांची जमीन दोन-अडीच आणे कमी भरते. शेतकरी हवालदिल होतो. माझी जमीन गेली कुठे? जमीन जागच्या जागी असते. साखळी लांबलेली असते.

म्हातारपणी वर्षे कमी भरू लागतात, त्याचे कारण मला हेच दिसते. पाडवा झाला म्हणेपर्यंत दसरा येतो, आणि आपण विचारतो, मधले दिवस गेले कुठे? दिवस तेवढेच असतात. इतक्या वर्षांच्या ओढीने आपल्या साखळीच्या कड्या ताणलेल्या असतात. एका मापात महिना निघून जातो. लहान मुलाची साखळी नवी कोरी असते, आखूड असते, आणि तिचे आणे सुटे मोजलेले असतात. तिच्या मापाने विहिरीपासून बाभळीपर्यंत एक सकाळ भरते.

दिवाळीला ती चार दिवसांसाठी येते आहे. आजीने भाजणी दळून आणली आहे. चकलीचा सोऱ्या माळ्यावरून खाली आला आहे. मुलीने फोनवर दोनदा बजावले, “बाबा, चारच दिवस आहेत हं, उगाच मन लावून घेऊ नका.” मी बरे म्हटले. चार दिवस हा आकडा माझ्या साखळीने काढलेला आहे, आणि ती साखळी आता प्रमाणात राहिलेली नाही. नातीच्या साखळीने मोजले तर चार दिवसांची जमीन पुष्कळ भरेल. तिच्यात एक नदी आहे, घाट आहे, दोन विहिरी आहेत, आणि अजून नाव न दिलेली कितीतरी पाखरे.